अकरा हेडर आणि एक फोटो

आणि हे मी ऐकीव सांगत नाहीये, एवढं आधी नोंदवून घ्या, कारण नंतर सगळे कानांवर हात ठेवतात... सोमवार, चार नोव्हेंबर, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं, संस्थेच्या चहाच्या खोलीत, खिडकीकडून दुसऱ्या खुर्चीवर बसलेल्या ट्यार्क यान्सेनच्या तोंडून मी ते वाक्य ऐकलं. ट्यार्क आमच्या प्रयोगशाळेचा तंत्रज्ञ, पन्नाशी उलटलेला, पण प्रयोगशाळेत आमच्याकडे सगळ्यांचं अरे-तुरेच असतं. तोंडात पावाचा घास होता, तरी शब्द स्वच्छ होते. म्हणाला, "एनो, अरे त्यात काय आहे? नव्या मशीनवर एकदा कंपाइल करून टाक. दहा मिनिटांचं काम."

दहा मिनिटांचं काम. तुम्हाला सांगतो, आणि मोजून सांगतो, कारण मोजणं हाच माझा अभ्यासविषय आहे, ती दहा मिनिटं अकरा दिवस चालली. मी रागावलेलो नाही. मी फक्त क्रमवार सांगतोय. आवाज चढला असेल तर तो त्या क्रमामुळे चढलेला आहे.

विषय काय, तर रिअल-टाइम नेटवर्क. आता लोकांना वाटतं रिअल-टाइम म्हणजे वेगवान. कितीदा सांगायचं, वेगवान नव्हे, वेळेवर. माझ्या टेबलावर दोन मोटरी आहेत, त्या एक फळी दोन टोकांना धरून वर-खाली नेतात, फळीवर बशी, बशीत काठोकाठ भरलेला चहाचा कप. सेकंदाच्या हजाराव्या भागात एकदा, दर वेळी, एक मोटर दुसरीला तारेवरून विचारते, मी इथे आहे, तू कुठे आहेस? उत्तर नेमक्या क्षणी आलं पाहिजे. लवकर आलं तर कौतुक नाही, आणि उशिरा आलं तर फळी कलते आणि चहा बशीत. शुक्रवार, पंधरा नोव्हेंबर, दुपारी दोन वाजता प्राध्यापिका हार्म्स येणार, स्वतःच्या हाताने चहा ओतणार, पाच मिनिटं फळी हलणार. बशीत एक थेंब दिसला तर प्रबंध नामंजूर. मुदतवाढ नियमाप्रमाणे एकदाच मिळते आणि ती मी उन्हाळ्यातच घेऊन संपवली होती. म्हणजे चहा सांडला की दोन वर्षं सांडली, इतकं ते सरळ होतं.

जुन्या मशीनवर सगळं चालत होतं. जुनं मशीन तीस ऑक्टोबरला धूर सोडून बंद पडलं आणि त्याच दुपारी भंगारात गेलं. आमच्याकडे भंगारात देण्याआधी डिस्कचा चुरा करतात आणि चुरा झाल्याचं प्रमाणपत्र देतात. प्रमाणपत्र माझ्याकडे आहे. अतिशय सुबक आहे.

तर, बसलो कंपाइल करायला, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम मशीनला कळेल अशा रूपात उतरवायला; ते काम कंपायलर करतो. आता हेडर फाइल म्हणजे काय, ते एका वाक्यात सांगतो, पुढे विचारू नका. प्रोग्रॅमचा प्रत्येक भाग म्हणजे एक घर धरा, तर हेडर म्हणजे त्या घराचं दार, त्यावर लिहिलेलं असतं की आत काय काय आहे, कोणत्या मापाचं आहे, आणि काय हवं असेल तर कसं मागायचं. कंपायलर आधी दाराशी येतो. दारच नसेल तर आत सोन्याचं घर असलं तरी तो पाऊल टाकत नाही, तिथेच उभा राहतो आणि एकच वाक्य म्हणतो...

फाइल किंवा फोल्डर सापडलं नाही.

पहिली चूक माझी होती, हे मी मान्य करतो, मला लपवाछपवी आवडत नाही. नव्या मशीनवर कर्नल, म्हणजे मशीनच्या पोटातलं मूळ यंत्रणेचं सॉफ्टवेअर, रिअल-टाइमचं होतं आणि हेडर बसवलेल्या साध्या कर्नलच्या. आवृत्तीच्या क्रमांकात शेवटी दोन अक्षरांचा फरक, बाकी सगळं तेच. कंपायलर ज्या फोल्डरात शोधत होता तिथे फोल्डर नव्हतंच, नुसता एक बाण होता, "खरं फोल्डर तिकडे आहे" असं सांगणारा, आणि तिकडे काही नव्हतं. दीड दिवस मी त्या बाणाच्या टोकाकडे बघत बसलो. मग इंटरनेटवरच्या जाणकारांच्या चर्चागृहात विचारलं, नम्रपणे, आवृत्ती, संदेश, केलेले सर्व प्रयत्न, सगळं लिहून. पहिले गृहस्थ म्हणाले, "आधी माहितीपुस्तिका वाचावी." वाचली होती, बेचाळीस पानं, तळटीपांसकट. दुसरे म्हणाले, "हा प्रश्न दोन हजार अकरा सालीच विचारून झालेला आहे." गेलो तिथे. प्रश्न अक्षरशः माझाच होता, माझाच बाण, माझंच रिकामं टोक, आणि त्याखाली त्याच माणसाचं उत्तर होतं, "जमलं. आभारी आहे."

काय जमलं? कसं जमलं? म्हणजे आठ वर्षं हा माणूस कुठेतरी सुखाने झोपतोय, आणि त्याच्या त्या तीन शब्दांवर मी माझी पदवी टांगून बसलोय... असो. बुधवारी योग्य हेडर सापडल्या, बसवल्या, बाण सरळ झाला, मी हात जोडून पुन्हा कंपाइल केलं, आणि...

फाइल किंवा फोल्डर सापडलं नाही.

आता दुसरीच फाइल. कर्नलची नाही, आमच्याच संस्थेची. मोटरींचं सगळं बोलणं ज्या प्रोग्रॅमवर चालतं तो आमच्याच संस्थेत लिहिलेला, नाव 'टाक्ट', बाहेर कुठे मिळत नाही. त्याची एक हेडर नाही. ती मागणारी ओळ तात्पुरती बाजूला काढली, तर दुसरी नाही. ती काढली, तिसरी नाही. मी यादी केली. अकरा. घरं सगळी शाबूत, भिंती, छप्पर, खिडक्या जागच्या जागी, आणि अकराच्या अकरा दारं गायब. चोर एवढा नीटनेटका असतो का?

अंदाजाने लिहिता येतात, असं म्हणाल. म्हणणारे बरेच भेटले. निरोपात कोणता आकडा आधी, कोणता नंतर, प्रत्येकाला जागा किती, हे सगळं त्या दारावर लिहिलेलं असतं. एक चुकलं की पहिली मोटर म्हणणार "वर चल" आणि दुसरी ऐकणार "माझं वजन किती."

गेलो ट्यार्ककडे. तो माझ्याकडे न बघता दाराबाहेर डोकावला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "टाक्ट म्हणजे वुबेनाचं ना?"

"कोण वुबेना?"

"गेरोल्ड वुबेना. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. सप्टेंबरात परिपत्रक आलं होतं, ज्या ज्या फाइलमध्ये त्यांचं नाव आहे ती काढून टाका आणि खाली सही करा. संस्थेच्या साठ्यातून मी काढली, तुझं जुनं मशीन तेवढं राहिलं. सही केली."

"काय काढतोयस ते पाहिलं नाहीस?"

"एनो, परिपत्रक आलं की सही करतात. वाचत बसलं तर सह्या कधी करणार?"

आणि दहा मिनिटांचं काम म्हणून मला सांगणारा हाच माणूस. हाच. पावाचा घास तोंडात असलेला.

परिपत्रक काढलं होतं फ्राउ झीबेल्स, म्हणजे झीबेल्सबाई, यांनी. त्या संस्थेच्या माहिती-संरक्षण अधिकारी, म्हणजे कुणाची खाजगी माहिती कुठे पडून राहू नये हे बघणाऱ्या. दुसरा मजला, डावीकडचं शेवटचं दार. गुरुवारी सकाळी नऊ वाजता मी आत गेलो. नमस्कार झाले, आमच्याकडे त्याला मोइन म्हणतात.

"मोइन, हेर फोल्कर्ट्स. बसा."

"मोइन, फ्राउ झीबेल्स. हेर वुबेना यांनी लिहिलेल्या अकरा फायली..."

"कुणी लिहिलेल्या?"

"गेरोल्ड वुबेना. एकतीस वर्षं इथे होते. तुमच्या शेजारच्या खोलीत."

"या नावाची व्यक्ती इथे कामाला होती की नव्हती, हे मी तुम्हाला सांगू शकत नाही."

"त्यांच्या निरोपसमारंभाला तुम्ही केक आणला होता. ट्यार्कने खाल्लाय."

"केक आणला होता, एवढं सांगू शकते. कुणासाठी, ते नाही."

मी शांत होतो. टेबलाची कड धरून शांत होतो.

त्या म्हणाल्या, "आता मी अगदी सर्वसाधारण बोलते. समजा, सोडून गेलेल्या एखाद्या व्यक्तीने लेखी कळवलं की माझी खाजगी माहिती काढून टाका. तर माहिती-संरक्षण कायद्याच्या सतराव्या कलमाप्रमाणे ते नाव ज्या फाइलमध्ये असेल ती फाइल जाते."

"अहो, पण नावाची ओळ तेवढी पुसली असती तरी चाललं असतं."

"ओळ पुसायची तर फाइल उघडावी लागते. उघडली की आतलं दिसतं. ते पाहायचा मला अधिकार नाही."

"आणि अख्खी पुसायचा आहे?"

"तो अधिकार नव्हे. ते कर्तव्य आहे."

"राखीव प्रत तरी असेल?"

"राखीव प्रत ठेवली तर ते पुसणं कसलं, हेर फोल्कर्ट्स?"

"निदान काय काय पुसलं त्याची यादी?"

"यादीत नाव आलं असतं."

तुम्हाला सांगतो, माझा खरा संताप कशाचा होता? त्या बाईंचं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. मी जिना उतरताना एकेक तपासून पाहिलं. सगळी बरोबर होती, आणि माझ्यासमोर आठ दिवस आणि एक भरलेला कप होता, आणि ज्याला विचारायचं तो माणूस सरकारदरबारी कधी नव्हताच. म्हणजे आता माणसाच्या बाबतीतसुद्धा... फाइल किंवा फोल्डर सापडलं नाही.

पत्ता ट्यार्कने दिला. तोंडी दिला, लिहून नाही. निवृत्तीनंतर वुबेना सगळा दिवस कालव्यापलीकडच्या बागवसाहतीत घालवतात, ओळीने बागेचे पट्टे, प्रत्येक पट्ट्यावर एक लाकडी खोली, प्रत्येक खोलीला कुंपण. शुक्रवारी मी फाटकाशी पोचलो तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. फाटकावर पाटी, एक ते तीन शांतता. घंटा वाजवायची होतीस, असं तुम्ही म्हणाल. मीही इथलाच आहे हो. एक ते तीन मी घंटा वाजवत नाही. एक तास पन्नास मिनिटं मी पावसाच्या भुरभुरीत उभा राहिलो. तीनच्या ठोक्याला खोलीचं दार उघडलं आणि एक उंच, वाकलेला म्हातारा लाकडी बूट घालून बाहेर आला.

"मोइन, पोरा. एक दहापासून उभा आहेस. बघत होतो मी खिडकीतून."

"मग दार का नाही उघडलंत?"

"शांतता होती ना."

आत नेलं. चहा मांडला. आता आमच्या फ्रीझी मुलखात तीन कप होईपर्यंत कामाचं बोलणं म्हणजे यजमानाचा अपमान, आणि कपात चमचा ठेवून "पुरे" म्हणायचं ते तिसऱ्यानंतरच. खडीसाखर कपात तडकतेय, वर सायीचा ढग पसरतोय, ढवळायची सोय नाही, आणि मी मनात दिवस मोजतोय. पहिल्या कपाला पावसाबद्दल बोललो. दुसऱ्याला कालव्यातल्या पाण्याबद्दल. तिसरा संपल्यावर मी चमचा इतक्या जोरात ठेवला की बशी किणकिणली.

सगळं सांगितलं. म्हाताऱ्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण फोटो काढला का?"

"कोणता फोटो?"

"अरे, मी तेवढंच तर लिहिलं होतं. जिन्यापाशी त्या फलकावर माझा फोटो आहे, शहाण्णव सालचा, मिश्यांचा. बायको म्हणायची, त्यात तू बस चुकलेल्या माणसासारखा दिसतोस. ती गेल्यावर वाटलं, निदान तेवढं तरी तिचं ऐकावं. म्हणून लिहिलं, माझी खाजगी छबी काढून टाकावी."

फलक माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. दोन वर्षं रोज मी त्या जिन्याने चढतोय. वरच्या रांगेत, डावीकडून तिसरा. मिश्या. बस चुकलेला चेहरा. खाली नावाची पट्टी नाही, म्हणून झीबेल्सबाईंच्या शोधात तो आलाच नाही. म्हणजे बघा, एका माणसाने एक फोटो काढायला सांगितला, आणि त्यांनी त्याची एकतीस वर्षं काढून टाकली, फोटो तेवढा ठेवला.

मी विचारलं, "पण हेर वुबेना, नेमक्या हेडरच कशा गेल्या? बाकी प्रोग्रॅम तर सगळा जागेवर आहे."

"नाव मी हेडरमध्येच घालायचो. नाव दारावर लावतात, पोरा. पलंगावर कशाला?"

आणि मग उठून, सगळ्या जगात काहीच बिघडलेलं नसल्यासारखा, तो म्हणाला, "छापील आहे की सगळं. निवृत्तीच्या दिवशी खोक्यात भरून आणलं. चांगला जाड कागद. ये दाखवतो."

मागच्या कोठीत मांडणीवर लाकडी खोकी होती, खोक्यांत हिवाळ्यासाठी ठेवलेली बोस्कोप सफरचंदं, एकमेकांना लागून कुजू नयेत म्हणून प्रत्येक वेगळं कागदात गुंडाळलेलं. मी एक उचललं. कागदावर लिहिलं होतं, निरोपाची लांबी, अंक चार, जागा दोन.

तुम्हाला सांगतो, मी रडलो नाही. पण नोंद घेतली.

अकरा हेडर, चौतीस पानं, चौतीस सफरचंदं, आणि इतर कागदांतली दोनशे. पानांचा क्रम पानांप्रमाणे नाही, सफरचंदांच्या आकाराप्रमाणे. एकेक सोडवायचं, वाचायचं, कागद इकडे, आणि फळ उघडं ठेवायचं नाही, त्याला लगेच वर्तमानपत्राचा तुकडा. माझं एक सैल गुंडाळलं गेलं तर म्हातारा पुन्हा करायला लावी. "हजाराव्या भागाच्या गप्पा मारतोस आणि एक सफरचंद बांधता येत नाही?" सहा वाजेपर्यंत तेहतीस पानं मिळाली. चौतिसावं नाही. मुख्य हेडरचं पहिलं पान, ज्यावर उत्तरासाठी किती वाट पाहायची तो आकडा होता. दोनशे खोक्यांत... म्हणजे दोनशे फळांत पुन्हा शोधलं, चुकून खोकी म्हणालो, माफ करा. नाही.

"हां," म्हातारा म्हणाला, "एक चाखायला दिलं होतं. त्या कुंपणापलीकडे. झीबेल्सबाईंचा पट्टा आहे ना शेजारी."

मी कुंपणाकडे पाहिलं. कुंपण उत्तम रंगवलेलं होतं.

"आकडा आठवतो का?"

"नाही रे. पण फार नव्हता. माणूस दाराशी आला तर आपण जेवढं थांबतो, तेवढा."

हे मोजमाप. प्रबंधात लिहू का हे?

शनिवार ते मंगळवार मी तेहतीस पानं टाइप केली. सायीचे डाग वाचले, सालीचे डाग वाचले, एका जागी तीन आहे की आठ हे ठरवायला भिंग आणलं. एक हेडर बसवली की कंपायलर पुढच्या दाराशी जाई आणि म्हणे, फाइल किंवा फोल्डर सापडलं नाही. दहा राहिल्या. नऊ. पाच. मला त्या वाक्याची इतकी सवय झाली की मंगळवारी संध्याकाळी जेव्हा कंपायलर काहीच न बोलता थांबला, तेव्हा मला वाटलं तो मेला. तो मेला नव्हता. झालं होतं. मी ट्यार्कला बोलावलं. ट्यार्क पडद्याकडे बघून म्हणाला, "बघ, म्हटलं नव्हतं का? कंपाइल करून टाकलं की झालं."

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं होतं. माझ्या सभ्यपणाची परीक्षा तुम्ही यापुढे घेऊ नका.

राहिला आकडा. दोनशे घातला, म्हणजे एका सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातले दोनशे, कप कलंडला. चारशे घातला, फळी लंगडली. बुधवार गुरुवार मी वीस वीसने चढवत, उतरवत, पुसत, पुन्हा भरत, चाळीस कप चहा फरशीवर घातला. दोनशे साठला फळी स्थिर झाली. का स्थिर झाली, माहीत नाही.

शुक्रवारी दोन वाजता प्राध्यापिका हार्म्स आल्या, किटलीतून कप काठोकाठ भरला, वर साय सोडली आणि घड्याळ लावलं. फळी चढली, उतरली. सायीचा ढग पसरला, तसाच राहिला. पाच मिनिटं. बशी कोरडी.

बाई म्हणाल्या, "उत्तम." मग माझ्या प्रोग्रॅमची पानं उलटली. "या अकरा फायली तुमच्या नाहीत. कुणाच्या आहेत?"

"हेर वुबेना यांच्या."

"मग वर त्यांचं नाव हवं. दुसऱ्याचं काम बिनानावाने देता येत नाही. नाव नसेल तर प्रबंध स्वीकारता येणार नाही."

मी दुसऱ्या मजल्यावर गेलो. झीबेल्सबाई म्हणाल्या, "नाव घालू शकता. सोमवारी मी त्या फायली पुसेन."

वर जा, नाव नको. खाली या, नाव हवं. हे माझं दोन वर्षांचं शिक्षण. त्या दिवशी जिन्याने चौथ्यांदा चढताना मी थांबलो, दम लागला म्हणून नाही, रागाने पाय उचलेना म्हणून, आणि समोर फलक होता. वरची रांग, डावीकडून तिसरा.

आज त्या अकराही फायलींच्या माथ्यावर एकच ओळ आहे: लेखक, जिन्याजवळचा फलक, वरची रांग, डावीकडून तिसरा. हार्म्सबाईंनी मान्य केलं, कारण लेखक दाखवलेला आहे. झीबेल्सबाईंनी मान्य केलं, कारण नाव नाही. प्रबंध मंजूर झाला. फक्त आता तो फोटो कधीही काढता येणार नाही, तसा ठराव झालाय, त्याच्यावर काच बसवली आहे. हे मी बागेत जाऊन सांगितलं. म्हाताऱ्याने आधी तीन कप ओतले. मग म्हणाला, "पोरा, तिला काय सांगू आता?" मी चौथा कप मागितला. तोवर दोनशे साठ केव्हाच उलटून गेले होते.

एवढं सगळं मी तारीखवार, साक्षीदारांसह सिद्ध करू शकतो. एकच गोष्ट मला शेवटपर्यंत पडताळता आलेली नाही: चौतिसाव्या पानाचं काय झालं, आणि त्यावरचा आकडा दोनशे साठच होता का. मी झीबेल्सबाईंना कुंपणाशी गाठून, तीननंतर, सरळ विचारलं, "फ्राउ झीबेल्स, ते सफरचंद ज्या कागदात होतं, तो कागद कुठे आहे?"

त्या म्हणाल्या, "कोणतं सफरचंद?"